खारपाण पट्ट्यातल्या कामायले क्लोराईड टेस्ट सक्तीची करा का नाही?

पूर्णाकाठचा
राजेहो, आमच्या गावाले नवीन पाण्याची टाकी मंजूर झाली अन् त्यावरून ग्रामसभेत लय वाद झाला, तोच इथं मांडतो. माझं म्हणणं असं का अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं हाय तिथं, टाकी असो, शाळा असो का पूल असो, आरसीपीटी, म्हणजे काँक्रीटात मिठातलं क्लोराईड किती सहज घुसते त्याची टेस्ट, केल्याबिगर बिल निघूच नये. सध्या क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, दाबून फोडतात, एम ३० ग्रेडची ताकद भरली का झालं. पण मीठ किती आत घुसन हे क्यूबवरून समजत नाही ना. क्लोराईड सळईपर्यंत पोचलं का गंज सुरू, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेते अन् मंग सळईवरचं कव्हर, म्हणजे वरचा काँक्रीटचा थर, फुगून पडते. आमच्या जुन्या टाकीचे खांब पाहून घ्या, सळया बाहेर दिसून राह्यल्या.
टेस्ट म्हणजे काय तर काँक्रीटात भोक पाडून काढलेल्या १०० मिमी व्यासाच्या गोल तुकड्याची, म्हणजे कोअरची, ५० मिमी जाड चकती कापायची, एका अंगानं ३ टक्के मिठाचं पाणी, दुसऱ्या अंगानं सोडियम हायड्रॉक्साईड, ६० व्होल्ट डीसी ६ तास द्यायचा अन् त्यातून किती कूलॉम, म्हणजे एकूण किती वीज, गेले ते मोजायचे. ४००० च्या वर म्हणजे चाळणी, १००० च्या आत म्हणजे लय चांगलं. सहा तासाचं काम हाय, कायले टाळता?

साईटवरचा
सहा तास कायचे भाऊ. आधी ३ तास व्हॅक्यूम, मंग पाणी सोडून अजून १ तास, मंग १८ तास भिजत ठेवा, तवा कुठं ६० व्होल्ट. अन् खरी गोम वेगळीच हाय. आपल्याकडं सगळं काम पीपीसीत, म्हणजे राखेचं सिमेंट. राखेचं काँक्रीट सावकाश घट्ट होते, २८ दिवसाले कूलॉम जास्त येतात अन् ५६ नाहीतर ९० दिवसाले तेच काँक्रीट ओपीसीपेक्षा, म्हणजे बिनराखेच्या सिमेंटापेक्षा, भारी निघते. तुमचा साहेब २८ दिवसाले रिजेक्टचा शिक्का मारन अन् ठेकेदार पुढच्या कामात राखच बंद करन, म्हणजे मिठाले रस्ता मोकळा. सक्ती करणाऱ्यायनं हे पाह्यलं का?

लॅबवाली_ताई
५६ दिवसांचं साईटवाल्या दादांचं पटलं. पण मूळ टेस्टबद्दलच बोलते. ती १९८१ साली अमेरिकेत व्हायटिंगनं काढली, तिथं बर्फ वितळवायला पुलांवर मीठ टाकतात म्हणून. तिच्यात क्लोराईड मोजलंच जात नाही, करंट मोजला जातो, आणि करंट तर पाण्यातले सगळेच आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वाहून नेतात. कॅल्शियम नायट्राइटवालं गंजरोधक घातलं असेल तर चांगल्या काँक्रीटचा आकडा पण उगाच फुगतो. वरून कच्चं काँक्रीट ६० व्होल्टला तापतं, तापलं की करंट अजून वाढतो. त्यापेक्षा नॉर्डिक पद्धत बरी, एनटी बिल्ड ४९२, त्यात चकती फोडून सिल्व्हर नायट्रेट मारतात आणि पांढरं कुठपर्यंत आलं ते डोळ्यांनी दिसतं.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, या दोन्ही टेस्ट बाहेरून येणाऱ्या मिठासाठी आहेत. आपल्याकडे बोअरचं खारं पाणी थेट मिक्सरमध्ये जातं त्याचं काय? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराईड चालत नाही. आधी पाणी तपासा ना.

पूर्णाकाठचा
ताई, पाण्याची बाटली कोण भरते? ठेकेदारच भरते, अन् वान धरणाच्या नळाची भरते. कागदावर पाणी गोड अन् कामावर खारं. म्हणून तर म्हणतो का काँक्रीटच तपासा.

लॅबवाली_ताई
मग आरसीपीटी नको, पावडर काढा. ड्रिलनं थोड्या थोड्या खोलीवरची भुकटी घ्यायची, आम्लात विरघळवून टायट्रेशन करायचं, म्हणजे रसायन थेंबाथेंबानं घालून क्लोराईड मोजायचं. आरसीसीत घनमीटरला ०.६ किलोच्या वर क्लोराईड नको. आणि यात चोर पण सापडतो: वरून आत जाताना मीठ कमी कमी होत गेलं तर ते मातीतून, बाहेरून आलं, आणि सगळ्या खोलीवर सारखंच निघालं तर मिक्सरमधूनच आलं.

कास्तकार_अकोट
टेस्टा करा बाप्पा, पण इथं प्यायचं पाणीच रोज येत नाही, क्युरिंगले, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवाले, गोड पाणी कोण देईन? टँकरचा पैसा एस्टिमेटात नसते म्हणून बोअरचं खारं मारतात, उन्हानं पाणी उडते अन् मीठ तिथंच राह्यते. अन् सळई उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी गिट्टीचा तुकडा. ४५ मिमी कव्हर पायजे तिथं १५ भेटते. त्याले कोणती लॅब पकडन? मले तर टेस्टीपेक्षा टँकर मंजूर झालेला बरा.

साईटवरचा
हाव, हे बरोबर. अन् टेस्ट पायजेच असन तर टेंडरात आयटम टाका, मंग करू. पण कोअर काढून पाण्याच्या टाकीले भोक कोण पाडन अन् गळती लागली तर कोणाच्या नावावर?

पूर्णाकाठचा
भोक कायले पाडता, स्लॅब ओततांनाच सिलिंडर भरून ठेवा, त्याच्याच चकत्या कापा.

कास्तकार_अकोट
सिलिंडर बी ठेकेदारच भरन ना गड्या. त्यात कोणचं पाणी राहीन, ते सांग.