चर्चा: वागणं बिघडलं की आधी पोट बघा, थेरपी नंतर वाढवा

नाचणी: मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम, बोलत नाही. दोन महिने रोज संध्याकाळी भिंतीवर डोकं आपटायचा. तीन ठिकाणी एकच उत्तर: "ऑटिझम आहे ना, मग असं होणारच." चौथ्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. दगडासारखं घट्ट! शी आठ-आठ दिवसांनी होत होती आणि आम्ही कधी मोजलंच नव्हतं. औषधाने पंधरवड्यात आपटणं थांबलं. बोलता न येणारं मूल दुखणं सांगणार तरी कसं? आधी पोट, दात, कान, झोप बघा.

सांगलीकर_बाबा: अजिबात पटलं नाही. या "आधी पोट"पायी आमचे सत्तर हजार गेले. केसांची तपासणी, मग जड धातू काढायची पावडर, मग गहू-दूध बंद. आमचा पोरगा दूधपोळी आणि दहीभात सोडून कशाला तोंड लावत नाही. दीड महिन्यात दोन किलो उतरला. ग्लूटेन-केसीन (गव्हातलं आणि दुधातलं प्रथिन) बंद केल्याने ऑटिझमची मूळ लक्षणं कमी होतात याला भक्कम पुरावा नाही, हे नंतर कळलं. तोवर स्पीच थेरपी आणि ओटी (रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी) दोन्ही सुटलं होतं.

नाचणी: दादा, मी पोट बघा म्हटलं, पोळी बंद करा कुठे म्हटलं? उलट नुसती दूधपोळी खाणाऱ्या मुलांना भाजी-पाणी कमी पडून खडा धरतो. तुम्ही लुटले गेलात, पण ते दुकानदाराने.

विशेष_शिक्षिका: माझ्या वर्गातला तेरा वर्षांचा मुलगा मध्येच टक लावून बसायचा. सगळे म्हणायचे, "त्याच्याच जगात असतो." एकदा जवळून बघितलं तर ओठ चाटत होता, बोटं शर्टाचं बटण चाळवत होती, नंतर गाढ झोपला. ती फीट होती. ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, वयात येताना तर लक्ष हवंच. आणि सगळं ऑटिझमवर ढकलतात म्हणून डॉक्टरांनाच काय बोलायचं? मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकेच्या डीएसएम पुस्तिकेत २०१३ पर्यंत ऑटिझमच्या जोडीने एडीएचडीचं (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) निदान देताच येत नव्हतं!

सांगलीकर_बाबा: म्हणजे आता सगळ्यांनी ईईजी (मेंदूचा आलेख) काढायचा? ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीच्या सरकारी 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत मिळतात, त्यातच तपासण्या, त्यातच थेरपी. कात्री कशाला लावू?

विशेष_शिक्षिका: सरसकट नाही हो. शंका आली तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. त्याला पैसे पडत नाहीत.

नाचणी: आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर शी, झोप, आपटणं लिहा. आम्ही अजून लिहितो.

सांगलीकर_बाबा: कालनिर्णय चालेल. पावडर नको.

गोदाकाठ: मध्येच विचारते. मुलीची दाढ किडलीय, तोंडाजवळ हात नेला की चावते. भूल न देता, धीराने बघणारे दाताचे डॉक्टर नाशकात कोणाला माहीत आहेत का?