शाळेत शिकवणारे रक्तसाक्षी ब्रदर सुचवा

आगाशीकर:
आमच्या धर्मग्रामात रविवारी सातवी-आठवीच्या मुलांना धर्मशिक्षण देतो. फेब्रुवारी आला की आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ठरलेले. १५९७, नागासाकी, क्रूस, भाले. मुलांना तोंडपाठ आहे. यंदा जोडीला अलीकडच्या काळातले, शाळेत शिकवणारे कुणी रक्तसाक्षी (धर्मासाठी मरण आलेले) ब्रदर, म्हणजे पुरोहित नसलेले व्रतस्थ, सांगायचे आहेत. फादर नकोत, त्यांच्या गोष्टी खूप झाल्या.

खडूफळा:
ब्रदर जेम्स मिलर सांगा. स्मृतिदिन १३ फेब्रुवारी, म्हणजे गोन्सालोंच्या सणानंतर बरोबर आठवड्याने.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्याचं पोर, जन्म १९४४. दे ला साल ब्रदर्समध्ये गेले. हा संघच मुळी शिक्षकांचा. सेंट पॉल शहरातल्या क्रेटिन हायस्कूलमध्ये स्पॅनिश, इंग्रजी शिकवायचे, फुटबॉल घ्यायचे आणि शाळेत काही मोडलं की हत्यारं घेऊन हजर. नावच पडलं होतं 'ब्रदर फिक्स-इट'. संत म्हटलं की मुलांना जन्मापासून हात जोडून बसलेला माणूस दिसतो, या गड्याच्या हातात पाना असायचा. मी तर इथूनच सुरुवात करेन.

१९६९ ला निकाराग्वात गेले. तिथे प्वेर्तो काबेसासच्या शाळेचा पट त्यांनी ३०० वरून ८०० वर नेला. १९७९ च्या क्रांतीत वरिष्ठांनी मायदेशी बोलावून घेतलं, पण जीव तिकडेच अडकलेला. १९८१ च्या जानेवारीत ग्वातेमालातल्या वेवेतेनांगोला पोचले. खेड्यापाड्यांतली माया आदिवासी मुलं तिथल्या ब्रदरांच्या वसतिगृहात राहून शाळा शिकत, शेतीही शिकत. लष्कर त्या काळी तरुण पोरं रस्त्यावरून उचलून भरती करायचं. विद्यार्थ्यांना सूट होती, म्हणून ब्रदर मंडळी कागद घेऊन छावणीवर जायची आणि आपला मुलगा सोडवून आणायची. लष्कराला हे खुपत होतं.

१३ फेब्रुवारी १९८२, शनिवार. मिलर शिडीवर चढून वसतिगृहाची भिंत दुरुस्त करत होते. तोंडं झाकलेली माणसं आली आणि गोळ्या घालून गेली. वय ३७. शिक्षा कुणालाच झाली नाही.

रानवारा:
मी ख्रिस्ती नाही, कुतूहल म्हणून विचारतो. हा तर यादवीतला राजकीय खून झाला. धर्मासाठी मरण कसं?

खडूफळा:
रास्त शंका. 'ख्रिस्ताला नाकार, नाहीतर मारतो' असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पण तिथलं वातावरण बघा. १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. ज्या बळींची ओळख पटली त्यांत ८३ टक्के माया. अशा ठिकाणी आदिवासींना शिकवणारा, त्यांना बायबल वाचून दाखवणारा माणूस म्हणजे कम्युनिस्ट, असं सरळ समीकरण होतं. आदल्याच जुलैत ग्वातेमालातच आदिवासींमध्ये काम करणाऱ्या फादर स्टॅन्ली रॉदर यांना त्यांच्या राहत्या जागी मारलं. मिलर कुठल्या पक्षात नव्हते, त्यांच्याकडे बंदूक नव्हती. ख्रिस्ताच्या सांगण्यावरून ते त्या मुलांपाशी राहिले आणि मारणाऱ्यांचा राग नेमका त्यावरच होता. मला हे पटतं. तुम्हाला नाही पटलं तरी हरकत नाही, आमच्यातही यावर वाद झालेत.

आगाशीकर:
सर, फार उपकार. संत म्हणून सांगू ना? आणि गोळीबार सांगावा का?

खडूफळा:
संत नाही, 'धन्यवादित', म्हणजे संतपदाच्या एक पायरी आधी. ७ डिसेंबर २०१९ ला वेवेतेनांगोतच तसं जाहीर करण्याचा विधी झाला. हे नीट सांगा, नाहीतर एखादी हुशार मुलगी वर्गातच पकडेल!

गोळीबार सांगा, पण दोन वाक्यांत. मरणाच्या थोडं आधी त्यांनी लिहिलं होतं की हिंसेला आपण विटलोय, तरी मध्य अमेरिकेतल्या पिचलेल्या गरिबांशी बांधिलकी वाटते. आठवीशी त्यावर बोला. आणि नकाशा न्या, ग्वातेमाला कुठे आहे हे निम्म्यांना सांगता येणार नाही.