मदत हवी आहे: त्सुबा जुनी की नक्कल? आणि साफ कशी करायची?

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सहा वर्षं तोक्योत आहे. दोन महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून तीन त्सुबा एकगठ्ठा घेतल्या. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्यामधली चकती.

मध्यंतरी आई आली होती. मी ऑफिसात असताना तिनं मायेनं एक त्सुबा तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी चिंच-मीठ लावून घासली. तिची काहीच चूक नाही, मी सांगून ठेवायला हवं होतं. काळा रंग गेला, खाली तांबूस थर निघाला आणि कडेला त्याच्याही खालून पांढरट धातू दिसू लागला. चुंबक चिकटत नाही. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन १०४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून त्सुबा दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत धरली, तर आकडा १५.६ ने वाढला. म्हणजे घनता साधारण ६.७. लोखंडाची ७.८, तांब्याची ८.९, तेव्हा ही जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव नक्कल, असं मी धरून चाललोय. नमुनाही प्रसिद्ध जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या नावानं सगळीकडे मिळणारा, दोन बाजूंना मोठ्या पोकळ्या असलेला.

खरी काळजी उरलेल्या दोघींची आहे.

दुसरी निळसर काळी, चुंबकाला न चिकटणारी. पृष्ठभागावर माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे, वर सोनेरी शेवंती. खाचांत मळ आहे. तिसरी लोखंडी, जाळीकामाची, एका बाजूला लाल गंज, मधल्या भोकाशेजारी दोन कोरलेली अक्षरं. या जुन्या असतील तर माझ्या हातून खराब व्हायला नकोत. कशा ओळखू? आणि तोवर हात लावू की नको?

प्रतिसाद:

आधी चिंच, लिंबू, व्हिनेगर, तारेची घासणी, पॉलिश कागद हे सगळं दूर ठेवा. आईंनी घासली ती नक्कलच होती, हे नशीब समजा.

दुसरीचं वर्णन शाकुदोसारखं आहे. तांब्यात थोडं सोनं मिसळून तो धातू करतात आणि त्याचा काळा रंग रासायनिक प्रक्रियेनं येतो. तो थर इतका पातळ असतो की जोरात पुसला तरी जातो. दहापट भिंगाखाली दाणे बघा. हातानं ठोकलेले दाणे सुटे, गोल, ओळीत असतात. ओतकामात ते एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. जुनी असो वा नवी, साफ करायची रीत एकच: डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कुंचला, लगेच कोरडी करणं. घासायचं नाही.

तिसरीसाठी जाळीच्या पोकळ्यांच्या आतल्या भिंती बघा. नकली माल बहुतेक वेळा तिथेच सापडतो. कानशीच्या खुणा हव्यात. बुडबुड्यांची भोकं किंवा साच्याच्या जोडाची रेघ नको. अक्षरं छिन्नीनं कोरलेली असतील तर रेघेची एक बाजू खोल आणि कड तीक्ष्ण असते. मधल्या भोकाला ठोकल्याच्या खुणा किंवा तांब्याची पाचर दिसली तर ती कधीतरी खऱ्या तलवारीवर बसवली गेली असावी. दिसली नाही म्हणून नकली ठरत नाही. १८७६ च्या हुकमानं तलवार लावून फिरायला बंदी आल्यानंतर परदेशी गिऱ्हाइकांसाठीही त्सुबा बनत होत्या. त्या जुन्या आहेत, पण पात्यावर कधी चढल्याच नाहीत.

गंजाचं म्हणाल तर काळपट तपकिरी थर ही त्सुबाची कातडी आहे, तिला धक्का लावू नका. काढायची ती फक्त लाल भुकटी. मटणाच्या नळीचं हाड उकळून, वाळवून टोकदार करा आणि त्यानं हळूहळू खरवडा, मग सुती कापडानं पुसा. लोखंडापेक्षा हाड मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. रोज दहा मिनिटं, महिनाभर. घाई केलेली त्सुबा मी ओळखतो, ती नव्या तव्यासारखी चकाकते.

तोक्योत आहात तर र्योगोकूच्या तलवार संग्रहालयात जाऊन खऱ्या वस्तू बघून या. फोटोवर ही नजर तयार होत नाही.

मूळ लेखक:

मनापासून आभार. भिंग आणलं. दुसरीचे दाणे सुटे दिसतात! तिसरीच्या आतल्या भिंतीवर तिरक्या कानशीच्या खुणा आहेत, पण एका कोपऱ्यात मोहरीएवढा खड्डाही आहे. तो गंजाचा की ओतकामाचा?

प्रतिसाद:

बुडबुड्याचा खड्डा गोल आणि आतून गुळगुळीत असतो. गंजाचा वेडावाकडा, तळाशी थर साचलेला. हाडाचं टोक घालून बघा, तपकिरी भुकटी निघते का. निघाली तर तिथेच थांबा आणि फोटो टाका.