मदत हवी आहे: पेरपिन्याँहून कॅथर किल्ले, चार दिवस पायी, मार्ग जुळत नाहीये

रानपाखरू:
दक्षिण फ्रान्समधले केरिब्युस, पेयरपेर्त्यूज, प्युइलोराँस आणि मोंसेग्यूर हे चारही किल्ले चार दिवसांत करायचे आहेत. जंगलातून चालायचं आहे, डांबरी रस्त्यावरून नाही. नकाशावर 'सांतिए कातार' (चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या मध्ययुगीन ख्रिश्चन पंथाच्या नावाची) वाट दिसते, पण ती कुठे धरायची आणि कुठे सोडायची ते कळत नाही. तिकिटं काढायची आहेत, कृपया लवकर सांगा. आणि 'पॅरिसजवळ काहीतरी बघा' असं सुचवू नका.

कडेकपार:
महिना कुठला? गाडी आहे का? तंबू नेणार की छपराखाली झोपणार? किती जण? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

मुक्ता_जर्मनी:
लुआरच्या खोऱ्याचा विचार केला का? शांबोर राजवाड्याच्या राखीव रानाभोवती ३२ किलोमीटरची भिंत आहे आणि आत सुमारे ५,४०० हेक्टर जंगल. सायकल भाड्याने मिळते, चढ जवळपास नाहीच. शरदात पहाटे हरणांचं हंबरणं ऐकू येतं. किल्ले आणि जंगल दोन्ही एकाच जागी मिळतात.

रानपाखरू:
@मुक्ता_जर्मनी, छान असेल, पण मला डोंगरी किल्लेच बघायचे आहेत.
@कडेकपार, ऑक्टोबर. दोघं आहोत. गाडी नाही.

कडेकपार:
गाडी नाही हे पहिल्या ओळीत हवं होतं, सगळा मार्ग त्यावरच ठरतो.

चार दिवसांत चारही किल्ले पायी होणार नाहीत. ती पूर्ण वाट (जीआर ३६७; जीआर म्हणजे लांब पल्ल्याची, खुणा केलेली पायवाट) पोर-ला-नुव्हेलच्या समुद्रकाठापासून फुआपर्यंत जाते, साधारण २५० किलोमीटर, १२ टप्पे. केरिब्युस तिच्या पूर्व भागात येतो, मोंसेग्यूर पार पश्चिमेला आरिएज जिल्ह्यात. प्युइलोराँस आणि मोंसेग्यूर दोन्ही सोडा. दोनच किल्ले करा, पण नीट करा.

पेरपिन्याँहून कियाँकडे जाणारी बस मोरी आणि साँ-पोल-द-फनुइये या गावांवरून जाते. मोरीला उतरा, साँ-पोलला परतीची बस धरा. मधलं सगळं पायी.

दिवस १: मोरी ते केरिब्युस. गाव १७० मीटरच्या आसपास, किल्ला ७२८ वर, म्हणजे सुमारे ५५० मीटर चढ. द्राक्षमळे संपले की ग्रो-द-मोरी खिंडीपर्यंत झुडपी रान. किल्ला बघून उत्तरेला क्युक्यून्याँ गावात उतरा.
दिवस २: क्युक्यून्याँ ते द्युइयाक. अंतर थोडं, दुपारच्या आत पोचाल. सामान तिथे टाकून पेयरपेर्त्यूज चढा.
दिवस ३: द्युइयाक ते क्युबिएर. सगळ्यांत लांब दिवस, मध्ये दुकान नाही.
दिवस ४: क्युबिएरहून गालाम्युसच्या घळीतून साँ-पोल. घळीतला रस्ता डांबरी आहे, पण कड्यात कोरलेला आणि अरुंद, शिवाय सगळा उतार. दरड कोसळल्यावर तो बंद करतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

अनिकेत_तुलूझ:
पूर्ण असहमत. चार दिवस आहेत तर कार्कासोनहून गाडी भाड्याने घ्या. सकाळी आगिलार, दुपारी केरिब्युस, दुसऱ्या दिवशी पेयरपेर्त्यूज आणि प्युइलोराँस, तिसऱ्या दिवशी मोंसेग्यूर. प्रत्येक वाहनतळापासून वर चढावंच लागतं, मग पायी फिरल्याचं समाधानही मिळतं.

कडेकपार:
@अनिकेत_तुलूझ, प्रश्न जंगलातून चालण्याचा आहे. वाहनतळापासूनच्या अर्ध्या तासाच्या पायऱ्या म्हणजे कोर्बिएरच्या डोंगरांतली वाट नव्हे. खालच्या मळ्यांतून डोक्यावर दिसणारा केरिब्युस तासातासाने जवळ येतो, तेव्हा तो तिथेच का बांधला ते समजतं. गाडीतून ते कळत नाही.

अनिकेत_तुलूझ:
आणि वारा? त्रामोंतान सुटला की त्या कड्यांवर उभं राहणं कठीण होतं. गाडी असली की दिवस बदलता येतो, पायी निघालेला माणूस अडकतो.

सह्यमेघ:
वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर गाडी हा उपाय नाही. त्रामोंतान वायव्येकडून येतो आणि बरेचदा स्वच्छ, निळ्या आकाशात वाहतो. त्यामुळे आभाळ बघून अंदाज बांधू नका, फ्रेंच हवामान खात्याच्या अंदाजात झोताचा वेग (राफाल) बघा. पेयरपेर्त्यूजवर दोन जागा जपायच्या: सेंट लुईचा कातळात कोरलेला जिना आणि त्याच्या वरचा सान जोर्दीचा बालेकिल्ला. जिना उघड्या कड्याला लागून आहे आणि झिजलेला चुनखडी कातळ पावसात गुळगुळीत होतो. उतरताना कड्याकडे पाठ न करता धरून उतरा. छत्री आणि पोंचो नको, शिडासारखे फुगतात. अंगाबरोबरचं रेनजॅकेट घ्या. वादळात किंवा विजा असताना किल्ला बंद करतात, त्या वेळी तिकीटखिडकीवर हुज्जत घालू नका.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना गडावर टाकं मिळेल अशी सवय असते. इथे जुनी टाकी आहेत, पण पिण्याजोगं पाणी नाही, आणि चुनखडीत पाऊस मुरतो म्हणून ओढेही कोरडे असतात. माणशी किमान दोन लिटर, तिसऱ्या दिवशी तीन. गावातल्या नळावर 'ओ नों पोताब्ल' (पिण्याजोगं नसलेलं पाणी) लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

गवाक्ष:
थोडं विषयांतर. सगळे 'कॅथर किल्ले' म्हणताहेत, पण आज दिसणारी तटबंदी बहुतेक कॅथरांची नाहीच. पेयरपेर्त्यूज १२४० मध्ये आणि केरिब्युस १२५५ मध्ये फ्रेंच राजाच्या ताब्यात गेला. १२५८ च्या कोर्बेल तहाने इथे आरागॉन राज्याशी फ्रान्सची सरहद्द ठरली आणि नवव्या लुईच्या राजवटीपासून हे किल्ले सीमेसाठी नव्याने बांधले गेले. १६५९ मध्ये सरहद्द पिरेनीजवर सरकली आणि त्यांचं काम संपलं. हे माहीत असलं की बघण्यात फरक पडतो. सान जोर्दी ही राजाची बांधणी, खालचा जुना भाग त्याआधीचा.

अनिकेत_तुलूझ:
मग कॅथरांसाठी मोंसेग्यूरलाच जायला हवं, तेच मी म्हणतोय.

गवाक्ष:
तिथेही तेच. १२४३ च्या मे महिन्यात वेढा पडला, १६ मार्च १२४४ ला दोनशेहून जास्त कॅथरांना जाळलं. आज माथ्यावर दिसतात त्या भिंती त्यानंतरच्या आहेत. जागेसाठी जरूर जावं, भिंतींसाठी नाही.

रानपाखरू:
इतिहास नंतर वाचतो. तंबू चालेल का? झीत (पायी फिरणाऱ्यांची मुक्कामघरं) महाग वाटताहेत. आणि आम्ही शाकाहारी आहोत.

सह्यमेघ:
किल्ल्याजवळ तंबू नको. ऐतिहासिक वास्तूच्या परिसरात, साधारण ५०० मीटरच्या आत, परवानगीशिवाय मनाई आहे. बाकी जमिनी बहुतेक खाजगी आहेत. मुख्य म्हणजे जंगलापासून २०० मीटरच्या आत आग पेटवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे स्टोव्हही पेटवू नका. याच कोर्बिएरमध्ये ऑगस्ट २०२५ च्या वणव्यात सुमारे १६,००० हेक्टर जळालं, तिथले लोक आगीबाबत जराही ढिलाई सहन करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मुक्ता_जर्मनी:
जेवणाचं: झीतमध्ये 'देमी-पाँसियों' घेतलं तर रात्रीचं जेवण आणि न्याहारी मिळते. आरक्षणाच्या फोनवरच 'सां व्हियांद, सां प्वासों' (मांस नको, मासे नकोत) सांगा, आणि 'सां लार्दों' वेगळं सांगा, कारण डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सॅलडमध्ये आणि सुपातही घालतात. सोबत थालीपिठाची भाजणी नेऊन उपयोग नाही, स्टोव्ह नाही. दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू न्या. दुकानं दुपारी १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर बहुतेक बंदच.

कडेकपार:
@रानपाखरू, ऑक्टोबरमधल्या तारखा कुठल्या? फार फरक पडतो.

रानपाखरू:
शेवटचा शनिवार-रविवार धरून शुक्रवार ते सोमवार.

कडेकपार:
मग दोन अडचणी, आणि दोन्ही तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी.

एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी सूर्य सात वाजायच्या सुमारास मावळतो, रविवारी सहाच्या आत. उजाडतं मात्र सव्वासाताला. तेव्हा रविवारी नव्या वेळेने साडेसातला निघा, दुपारी एकपर्यंत अर्धं अंतर झालं नसेल तर द्युइयाकला परत फिरा. हेडटॉर्च दोघांकडे हवा.

दोन, रानडुकरांच्या शिकारीचा हंगाम आहे आणि रविवारी हमखास हाकारा असतो. वाटेवर 'शास आं कूर' (शिकार सुरू आहे) असा फलक दिसला तर पुढे रानात घुसू नका. शिकारी उभे असतील तर हाक मारून थांबा, ते वाट दाखवतात. भडक केशरी जॅकेट दोघांनाही, आणि सॅकवरही केशरी कव्हर. करडे-हिरवे कपडे घालू नका.

खुणा: पांढरा-लाल पट्टा म्हणजे जीआर, फुली म्हणजे चुकीची दिशा. पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, त्यामागे गेलात तर निघालेल्या गावातच परत याल. दहा-पंधरा मिनिटं खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. आयजीएनचा (फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा) १:२५,००० नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, घळीत नेटवर्क जातं. अडचणीत ११२.

अनिकेत_तुलूझ:
रविवार एवढा अवघड असेल तर शनिवारी पेयरपेर्त्यूज बघून तिथूनच परत का नाही फिरत? रविवार क्युक्यून्याँलाच काढा, सोमवारी मोरीला उतरा.

कडेकपार:
हे मला पटतं. वारा किंवा हाकारा असेल तर हाच पर्यायी मार्ग ठेवा. बस दोन्हीकडे तीच. क्युबिएरला मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत, तिथे सोय झाली तरच पुढे जा.

रानपाखरू:
ठीक. आधी क्युबिएरला फोन करतो, मग द्युइयाक आणि क्युक्यून्याँ. प्युइलोराँस सोडला. शुक्रवारी सकाळी पेरपिन्याँहून मोरीची पहिली बस किती वाजता असते?

सह्यमेघ:
'लिओ' या प्रादेशिक बससेवेच्या संकेतस्थळावर पेरपिन्याँ–कियाँ मार्ग बघा. शरदातली सुट्टी त्याच दिवसांत येते, म्हणून शाळेच्या दिवसांचं आणि सुट्टीतलं वेळापत्रक वेगळं वाचा. फक्त शाळेच्या दिवशी धावणाऱ्या फेऱ्यांवर खूण असते. सोमवारची साँ-पोलहून परतीची बसही तशीच तपासा, दिवसाला फेऱ्या मोजक्याच असतात.