शुक्राणू निवडायला चिप, मॅक्स की पिक्सी? (नाशिक)

भट्टीवाला_अंबड:
माझं वय 36, बायको 33. काउंट नॉर्मल आहे, पण डीएफआय 34 आला, म्हणजे शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड जास्त. पहिली इक्सी (शुक्राणू सुईने अंड्यात सोडतात ती) लागली, गर्भ राहिला, पण सातव्या आठवड्यात ठोके थांबले. आता लॅबवाले म्हणतात चिप, मॅक्स किंवा पिक्सी, काहीतरी एक घ्या. वरचे पंचवीस हजार जेमतेम जमतील. कुणी केलंय का?

द्राक्षबाग:
चिपच. आमची लेक चिपची, दीड वर्षाची झाली. सेंट्रीफ्यूजमध्ये घुसळणं नाही, शुक्राणू स्वतः पोहत बारीक छिद्रांच्या पडद्यातून वर येतात. चाळीस गेले, पण लेकरापुढे पैसा काय!

भट्टीवाला_अंबड:
पंचवीस म्हटलंय.

सिन्नरकर:
मॅक्स घ्या. मरायला टेकलेल्या शुक्राणूंना चुंबकी कण चिकटतात, ते कॉलममध्ये अडकतात, बाकीचे खाली उतरतात. आमचं दोनदा फेल गेलं, ते सोडा. आणि मुंबई गाठा, नाशकात राम नाही.

गोदाकाठची:
नाशकातच राम नाही? कमाल आहे! रोजच्या इंजेक्शनांसाठी पंचवटी एक्सप्रेसने ये-जा करून बघा एकदा.

सिन्नरकर:
पासवाले बसू देतील तर ना.

काचेमागून:
लॅबमध्येच आहे, तिन्ही हाताळते. पिक्सीच्या डिशमध्ये हायलुरोननचे, म्हणजे अंड्याभोवती असतो त्याच पदार्थाचे, ठिपके असतात. पक्व शुक्राणू त्यावर डोकं टेकवून बसतो, नुसती शेपटी वळवळते, तो उचलायचा. बघायला भारी. पण 2019 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत 2,700 हून जास्त जोडपी होती. पूर्ण दिवसांची बाळं पिक्सीत 27.4 टक्के, साध्या इक्सीत 25.2. हा फरक धरण्यासारखा नाही. गर्भपात 4.3 आणि 7 टक्के, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, त्यावर भिस्त नको. चिपमधून आलेल्यांत मोडतोड कमी दिसते, बाळं वाढतात हे मात्र अजून पक्कं नाही. आधी यूरोलॉजिस्टकडून व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा, तपासा. नमुन्याआधी संबंध टाळून सात दिवस थांबू नका, दोन पुरेत.

वेल्डर_सातपूर:
दादा, खरंच भट्टीवर आहात? मग आधी तिथून हला, उष्णतेने शुक्राणू बिघडतात. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तीन महिने थांबा, मग डीएफआय परत करा. फुकटातलं काम.

द्राक्षबाग:
+1. पण चिप घ्याच.

सिन्नरकर:
मॅक्स.

भट्टीवाला_अंबड:
आभार सगळ्यांचे. व्हेरिकोसील नाही निघालं. साहेबांना सांगून स्टोअरला बदली घेतली, पण तीन महिने थांबत नाही, पुढच्या पाळीलाच सुरू करतोय. पिक्सी ठरलं, बजेटमध्ये बसतंय. काचेमागून ताई, भिस्त नको म्हणालात ते वाचलं. पण बायकोने तो 4.3 चा आकडा पाहिला आणि फोन माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचला. मग मी काही बोललो नाही.

द्राक्षबाग:
मग धागा काढलात कशाला?