बाय-इन घेतलंत का कधी? (अनुभव सांगा)

दमलेला_बाबा: काल लेकीने विचारलं, "बाबा, बाय-इन म्हणजे?" आणि एकदम 2007 आठवलं. हिंजवडी, पहिली नोकरी. कॉल संपता संपता साहेब म्हणाले, "फायनान्सचा बाय-इन घे." मला वाटलं काहीतरी विकत घ्यायचंय. गेलो पर्चेसवाल्याकडे, कोटेशनं किती लागतात विचारायला. तो म्हणे, "कशाची?" तेही मला ठाऊक नव्हतं! शेवटी टेस्टिंगमधल्या एका ताईंनी सांगितलं, "अरे, त्यांच्या गळी उतरव. नुसता होकार नको, उद्या आपल्या बाजूने तेच भांडले पाहिजेत." फायनान्सवाले काही बधले नाहीत. तुमचे किस्से येऊ द्या.

रिकामटेकडा: पोकरला बसताना आधी भरायच्या पैशांनाही बाय-इनच म्हणतात. मला तेवढंच माहीत. मॅनेजर म्हणाली, सगळ्यांचा बाय-इन हवा. मी पाकीट काढून विचारलं, प्रत्येकी किती?

खडीसाखर: 😂😂 मग किती दिलेस?

रिकामटेकडा: पाचशे काढले होते. सगळे हसले म्हणून परत खिशात.

गच्चीवरची: आमच्या सोसायटीचा पुनर्विकास. 2019च्या शासन निर्णयाने 51 टक्के संमती पुरते म्हणे. कागदावर. 24 पैकी 23 तयार, तळमजल्यावरचे आजोबा अडून. बिल्डरचा माणूस लॅपटॉप उघडून तासभर "बाय-इन, बाय-इन" करत होता. आजोबांनी चहा पाजून वाटेला लावलं. त्यांचं म्हणणं एकच, वरचा मजला दिलात आणि लिफ्ट बंद पडली तर मला उचलून कोण नेणार? आता जनरेटरचं लेखी हवंय त्यांना.

खडीसाखर: कुठला एरिया? भाडं किती देतायत?

गच्चीवरची: कोथरूड. भाड्याचं विपूत (तुझ्या विचारपूस पानावर) सांगते, कुकर लावलाय.

जुना_जाणता: मनधरणी म्हणा की सरळ!

रिकामटेकडा: काका, मनधरणीत हात जोडतात, बाय-इनमध्ये स्लाइडा दाखवतात.

खडीसाखर: आमच्याकडे एअर फ्रायरसाठी सासूबाईंचा बाय-इन दोन वर्षं अडकला होता. शेवटी शेजारच्या काकूंकडून वदवून घेतलं. आता मलाच हात लावू देत नाहीत त्याला.

जुना_जाणता: अळूवडी होते का त्यात नीट?

खडीसाखर: होते, वरून तेलाचा हात फिरवा. नाहीतर कडक होते.

दमलेला_बाबा: धागा अळूवडीवर गेला, चालायचंच. बाय द वे, तो पर्चेसवाला आता माझा साडू आहे. अजून दर दिवाळीला विचारतो, "कोटेशनं आली का?"