म्युनिकची नोकरी घ्यावी का? दोन पगार सोडून एका पगारावर संसार – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

म्युनिकमधल्या एका कंपनीकडून मला नोकरीचं पत्र आलंय. होकार-नकार या महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे. घरात रोज रात्री जेवणं झाली की हाच विषय निघतो आणि रोज वेगळ्याच जागी अडकतो. तिथे राहणारे, राहून परत आलेले, जायचं ठरवून न गेलेले, सगळ्यांचंच मत हवंय.

आधी परिस्थिती सांगते. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करते. नवरा अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, नोकरी कायम आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. सासूबाई आमच्याजवळ असतात, तब्येत ठीक आहे, पण वय सत्तरीच्या पुढे. घराच्या कर्जाचे हप्ते अजून बरीच वर्षं चालायचेत.

ऑफर वर्षाला ७०,००० युरोची. युरो शंभर रुपयांच्या वर गेल्यामुळे नातेवाइकांनी लगेच गुणाकार करून टाकला आणि "सत्तर लाख! विचार कसला करतेस?" असे फोन सुरू झाले. पण खर्चही युरोतच होणार, तेव्हा शेवटी हातात उरेल तेवढ्यालाच गुणायचं, एवढं मला कळतं. उरतं किती, यावरच आमचं घोडं अडलंय.

मी मांडलेला हिशोब असा. पगारातून निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३ टक्के, शिवाय आरोग्य विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा कापला जातो. वर आयकर. नवरा-बायकोत एकच कमावणारा असेल तर तिसरा करवर्ग मिळतो आणि कर बराच कमी होतो. तो धरून महिन्याला साधारण ४,००० युरो हातात येतील असं ऑनलाइन कॅल्क्युलेटर दाखवतोय. मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, २५९ युरो. म्हणजे सव्वाचार हजार.

यातलं निम्मं घरभाड्यातच जातंय. ७०-७५ चौरस मीटरच्या घराचं काल्टमीटे, म्हणजे नुसतं भाडं, जाहिरातींत १,५०० ते १,८०० दिसतं. हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून वार्ममीटे दोन हजारांच्या आसपास. वीज आणि इंटरनेट वेगळं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला द्यावीच लागते. देशभर लोकल गाड्या, बस, मेट्रोला चालणारं मासिक डॉइचलांडटिकेट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ ला आहे. किराणा-भाजीचे ६५०-७०० धरलेत. मुलीची दुपारची सोय, कपडे (थंडीचे कपडे म्हणजे एक वेगळा खर्च), वर्षातून एकदा तिघांची इकडे फेरी. सगळं वजा केलं की ओढूनताणून ७०० ते ८०० युरो उरतात. त्यातूनच इथला कर्जाचा हप्ता जाणार आणि सासूबाईंचा खर्चही. आज इथे दोघांच्या पगारात हप्ता भरून याहून जास्त शिल्लक पडते. म्हणजे सत्तर लाख पगार घेऊन आमची बचत घटणार. हे आईला समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

घरांच्या जाहिराती बघताना आणखी एक कळलं. परवा एका घराचे फोटो बघत होतो. खोल्या सुंदर, लाकडी जमीन, मोठ्या खिडक्या. स्वयंपाकघराच्या फोटोत मात्र भिंतीतून बाहेर आलेलं नळाचं तोंड आणि एक प्लग पॉइंट, बाकी काही नाही. ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही. ते भाडेकरूनेच बसवायचं किंवा आधीच्या भाडेकरूकडून पैसे देऊन घ्यायचं. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत. म्हणजे पाय ठेवल्याठेवल्या सात-आठ हजार युरो लागणार, आणि तेही पहिला पगार व्हायच्या आधी.

पण पैशांची तोंडमिळवणी करता येईल. खरा प्रश्न नवऱ्याचा आहे. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना) गेलं तर जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते, व्हिसासाठी जर्मनची अटही नाही. कागदावर छान आहे. पण तो शिक्षक आहे! तिथल्या सरकारी शाळांत शिक्षकाला साधारणपणे दोन विषय लागतात, आपल्या पदवीला मान्यता मिळवावी लागते आणि जर्मन अगदी वरच्या पातळीचं लागतं. त्याचा विषय एकच. बेचाळिसाव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरुवात करायची आणि कायम नोकरी सोडायची, जी आजकाल कुणाला मिळत नाही. तो स्वतः "तू जा म्हणालीस तर जाऊ" म्हणतो. त्याच्या या वाक्याचंच मला जास्त ओझं वाटतं. त्याला शिकवायला मनापासून आवडतं. संध्याकाळी मुलं शंका घेऊन घरी येतात, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तो माणूस दोन वर्षं घरी बसून राहिला तर काय होईल, याचा अंदाज मला कुठल्याच कॅल्क्युलेटरवर येत नाही.

मुलीचंही आहेच. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीच्या शेवटी मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझिउमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जायचं तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी श्रेणी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (तिथे १ सगळ्यात उत्तम). ही मुलगी तिसरी-चौथीत जर्मन शिकायला लागणार आणि त्याच सुमारास तिची वाट ठरणार. आज वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी पोर तिथे वर्षभर गप्प बसून राहील, ही कल्पनाच सहन होत नाही.

मग जायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. मला जायचंय. ज्या कामाचं आराखड्यापासूनचं सगळं तिथे होतं, त्याचा शेवटचा तुकडा आम्ही इथे वर्षानुवर्षं करतोय. मला ते काम पहिल्यापासून करायचंय. शिवाय वर्षाला ३० दिवस सुट्टी, ती घेतल्यावर कुणी फोन करत नाही म्हणतात. आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार. मुलगी एकटी बसने शाळेत जाईल. इथे माझे रोजचे तीन तास रस्त्यावर जातात, मुलीला मी झोपलेलीच बघते. या गोष्टींना युरोत किती धरायचं?

सध्या एक मधला मार्ग डोक्यात आहे. सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ मी एकटीने काढायचा. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनी काढू शकते, आणि गाड्यांच्या धंद्यात तिथे नोकरकपातीच्या बातम्या सतत येतायत. सगळं स्थिर झालं की नवरा विनावेतन रजा घेऊन मुलीसह येईल. हे शहाणपणाचं आहे का? ७०,००० मध्ये तिघांचं खरंच भागतं का? आणि शिक्षक असलेल्या जोडीदाराने तिथे काय केलं, याचा कुणाचा अनुभव आहे का?

प्रतिसाद

ताई, मी गेली बरीच वर्षं म्युनिकमध्ये आहे. तुमचा हिशोब बरोबर आहे, ७०,००० मध्ये तिघं नीट राहतात, पण शिल्लक तुम्ही म्हणताय तेवढीच. बचतीसाठी येत असाल तर येऊ नका, हे स्पष्ट सांगतो.

एकटं येण्याच्या बेताबद्दल एक महत्त्वाचं. यजमान भारतात असताना तुम्हाला तिसरा करवर्ग मिळणार नाही, पहिला लागेल. हातात ४,००० ऐवजी साधारण साडेतीन हजार येतील. मुलगी इथे नसेल तर किंडरगेल्डही नाही. अर्थात एका खोलीचं भाडंही कमी पडेल. आणि यजमान त्याच कॅलेंडर वर्षात इथे राहायला आले, तर विवरणपत्र भरताना पूर्ण वर्षासाठी दोघांची एकत्र आकारणी मागता येते. त्यांचा त्या वर्षीचा भारतातला पगार तेव्हा कराचा दर ठरवायला धरतात, तरी बहुतेकदा फायदाच होतो. म्हणून डिसेंबरात आले तर चालेल आणि जानेवारीत आले तर नुकसान, असं होऊ शकतं. तारखा बघून ठरवा.

आरोग्य विम्याची काळजी नको. या पगारावर तुम्ही सरकारी विम्यातच असाल. त्यात न कमावणारा जोडीदार आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात.

घराबाबत कंपनीशी आत्ताच बोला. पगार वाढवून मागण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांसाठी सामानसुमानासकट घर मागा. इथे घरमालक शेवटच्या तीन पगारपावत्या आणि शूफाचा (पत नोंदवणाऱ्या संस्थेचा) दाखला मागतो. नव्या माणसाकडे दोन्ही नसतं. शिवाय पत्ता नोंदवल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, आणि त्या नोंदणीला घरमालकाचं पत्र लागतं. अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देता येते, तो भाडेकरूचा कायदेशीर हक्क आहे. एकरकमी मागितली तर सांगा.

मुलीचं ऐका. जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती आणि ज्यांची मातृभाषा जर्मन नाही, त्यांच्यासाठी बव्हेरियात ३.३३ पर्यंतच्या सरासरीलाही गिम्नाझिउमची शिफारस करता येते. जर्मनमधलं मागे पडणं भाषेमुळे आहे आणि ते भरून निघेल, असं शिक्षकांना वाटलं पाहिजे. तिला एक वर्ग मागे बसवण्याबद्दलही शाळेशी बोलून बघा. आमचा मुलगा असाच एक वर्ष मागे बसला. पहिले चार महिने तो मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभा असायचा, हे मी लपवणार नाही. मग फुटबॉलमुळे सुटला. आणि रेआलशूलेमधून (गिम्नाझिउमच्या खालची माध्यमिक शाळा) पुढे विद्यापीठापर्यंत जाणाऱ्या वाटा इथे आहेत. दहाव्या वर्षी सगळं संपतं असं नाही.

प्रतिसाद

मी बायकोच्या नोकरीमुळे गेलेला नवरा आहे, म्हणून लिहितोय. मी शिक्षक नव्हतो, बँकेत होतो. पहिलं वर्ष फार जड गेलं. सकाळी दोघी गेल्या की घर खायला उठायचं. त्यातून बाहेर काढलं ते भाषेच्या वर्गाने. जोडीदारांना इंटिग्रेशन कोर्स मिळतो, ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तिथल्या समाजजीवनाच्या, फीचा मोठा भाग सरकार उचलतं. त्यातून बी१, म्हणजे भाषेची मधली पातळी, होतं. कामाला लागण्याइतकं जर्मन यायला त्यानंतर आणखी एक वर्ष धरा. तुमच्या मिस्टरांनी इथूनच ए२ (बी१च्या आधीची पातळी) पर्यंत तरी करून जावं, तिथे गेल्यावर सुरू करू असं म्हणू नये. आणि त्यांना "तू म्हणशील ते" म्हणू देऊ नका. माझ्याकडून तसं झालं होतं आणि पुढे प्रत्येक भांडणात ते निघायचं.

सासूबाईंबद्दल: १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणि सासूसासरे आणण्याची तरतूद झाली आहे. अडतं ते आरोग्य विम्यावर. त्या वयात तिथे विमा मिळणं महाकठीण, आणि मिळाला तर हप्ता तुमच्या उरलेल्या सातशे युरोंत बसणार नाही. पाहुणा व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, हेच धरून चाला.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. करवर्गाचं मला अजिबात माहीत नव्हतं, त्यामुळे पूर्ण तक्ता पुन्हा मांडला. मी एकटी आले तर भाडं कमी होऊन पहिले काही महिने हप्ता सहज निघतोय. म्हणजे बेत टिकतो, फक्त घरचे डिसेंबर संपायच्या आत यायला हवेत. नोकरी गेल्यास बेकारी भत्त्यासाठी आधीच्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला लागतो, असं आत्ता वाचलं. त्यामुळे पहिल्या वर्षासाठी इथली एक मुदत ठेव मोडायची नाही असं ठरवलंय.

दुसरा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मला शाळा सोडायची नाहीये, पण दोन वर्षांची रजा मिळाली आणि परत यायची जागा राहिली तर मला यायला आवडेल, आणि जर्मनचा वर्ग पुढच्या आठवड्यापासून लावतो. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच स्वतःची अट सांगितली. त्यामुळे आता सगळं रजेवर आलंय. संस्था आणि शिक्षण खातं दोघांची मंजुरी लागणार. मुख्याध्यापक म्हणतात अर्ज करा, बघू.

कंपनीला आज मेल केला. तीन महिन्यांचं घर, दोघांच्या भाषावर्गाची फी आणि रुजू व्हायची तारीख पुढे ढकलणं, असं तीन गोष्टींचं मागितलंय. पगाराबद्दल काही बोलले नाही.

अनुदानित संस्थेतून जोडीदाराच्या परदेशी नोकरीसाठी अशी दीर्घ विनावेतन रजा कुणाला मिळाली असेल, तर अर्जात कारण कसं लिहिलं आणि मंजुरीला किती काळ गेला ते कृपया सांगा. व्यक्तिगत निरोपातून सांगितलंत तरी चालेल.